दोनशे मागांच्या खोलीत मुकादम कुठाय? जुन्या इंग्रजी कथांतून बदलता काळ कसा वाचावा

माझे वडील, अप्पा, परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. संपानंतर त्यांना परत कामावर घेतलं नाही. पुढं दहाएक वर्षांनी मी बँकेतली नोकरी सांभाळून इंग्रजी साहित्यात एम.ए. करत होते. एका रविवारी दुपारी लालबागच्या आमच्या खोलीत मी त्यांना अभ्यासातली एक जुनी कविता मराठीत सांगत बसले. थॉमस डेलोनी नावाच्या, रेशीम विणणाऱ्या माणसानं १५९७ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जॅक ऑफ न्यूबरी’ या गद्यकथेत ती येते. एका लांबरुंद खोलीत दोनशे माग, दोनशे विणकर, प्रत्येकाशेजारी कांड्या भरणारं एक पोर. पलीकडं गात गात लोकर पिंजणाऱ्या शंभर बायका, लाल परकर नेसलेल्या सूत कातणाऱ्या दोनशे मुली, लोकर निवडणारी दीडशे गरिबाघरची मुलं.

अप्पांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, “मुकादम कुठाय?” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “आणि सूत तुटत नाही का कुणाचं?”

वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तेव्हापासून सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इंग्रजी कथा मी त्याच प्रश्नानं वाचते. इंग्रजी बरी येणाऱ्या आणि हा काळ समजून घ्यावासा वाटणाऱ्या कुणालाही ही पद्धत जमेल, म्हणून इथं मांडते आहे. तिचं सूत्र असं: कथेत त्या काळाचा फोटो शोधू नका. कथा काय म्हणते आणि त्या काळचे कायदे, मजुरीचे दर, नोंदी काय म्हणतात ते शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही जुळत नाहीत तिथं थांबा. लोकांना कशाची भीती वाटत होती आणि कशाची आस होती, ते त्याच जागी सापडतं.

आधी पुस्तकं

चार पुस्तकं पुरतात. थॉमस मोरचं ‘युटोपिया’ (लॅटिन १५१६, इंग्रजी भाषांतर १५५१), डेलोनीचं ‘जॅक ऑफ न्यूबरी’, आणि डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) व ‘मॉल फ्लँडर्स’ (१७२२). मोर आणि डिफो प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. माझी ‘मॉल फ्लँडर्स’ फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, मागचं कव्हर नसलेली. डेलोनी घेताना स्पेलिंग आजचं केलेली आवृत्ती घ्या. मूळ छपाईत यू आणि व्हीची अदलाबदल असते, जेच्या जागी आय असतो आणि एस एफसारखा दिसतो. पहिल्याच पानावर दम लागतो आणि माणूस पुस्तक मिटतो.

सुरुवात मात्र डेलोनीच्या कवितेपासूनच करा. गिरणगावाची ओळख असलेल्या माणसाला त्या खोलीत शिरायला वेळ लागत नाही.

वही आखा

एक साधी शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर कथेतलं, उजव्या पानावर कागदावरचं. डाव्या पानावर तीन रकाने: कोण, किती पैसे, ते कुठून आले. पैशाचा उल्लेख दिसला की उतरवायचा, कितीही किरकोळ वाटला तरी. डिफो वाचताना वही भराभर भरेल. त्याची माणसं सतत पैसे मोजत असतात.

त्या काळी इंग्लंडचा हिशोब असा होता: १२ पेन्सचा (एक असली की पेनी, अनेक असले की पेन्स) शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून रुपये-आणे-पै ऐकलंय त्यांना हे जड जाणार नाही.

इथं एक चूक टाळा. त्या पौंडांचे आजचे रुपये करत बसू नका. इंटरनेटवर तशी यंत्रं आहेत, पण त्यातून येणाऱ्या आकड्यानं काहीच कळत नाही. पैशाचे दिवस करा, म्हणजे मजुराच्या मजुरीचे दिवस. दक्षिण इंग्लंडमध्ये बांधकामावरच्या बिगाऱ्याला १५०० च्या सुमारास दिवसाला ४ पेन्स मिळत, १६०० च्या सुमारास ८ आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे १२. या तीन आकड्यांवर पुष्कळ काम भागतं.

आता दीडशे मुलांकडं परत या. कविता सांगते की त्यांना रोज रात्री एक पेनी मिळे, शिवाय दिवसभराचं खाणंपिणं, आणि तो त्यांना केवढा आधार होता. कथा घडते आठव्या हेन्रीच्या काळात, तेव्हा पेनी म्हणजे बिगाऱ्याच्या दिवसाचा चौथा हिस्सा. लिहिली गेली तेव्हा तीच पेनी आठवा हिस्सा झाली होती. मधल्या काळात मजुरी दुप्पट झाली, पण धान्याचे भाव त्याच्या कितीतरी पुढं गेले. लोकसंख्या १५४० च्या सुमारास सुमारे २८ लाख होती, ती शतक संपताना ४० लाखांवर गेली. कामाला हात वाढले, त्या मानानं भाकरी वाढली नाही. १५४० च्या दशकात सरकारनं नाण्यांतली चांदी कमी केली, त्यानंही महागाईला हातभार लावला. म्हणजे डेलोनीचा वाचक जेव्हा “रोज एक पेनी आणि पोटभर जेवण” असं वाचत होता, तेव्हा त्याची नजर पेनीवर नसणार, जेवणावर असणार. १५९४ पासून लागोपाठ चार पिकं बुडाली होती.

तीन तारखा लिहा

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं तीन सालं लिहा: कथा कधी घडते, कधी लिहिली, आणि पुस्तक स्वतः कोणतं साल सांगतं.

‘मॉल फ्लँडर्स’च्या शेवटी १६८३ साली लिहिल्याचं म्हटलंय. पण पुस्तक १७२२ चं आहे, आणि त्याची नायिका मॉल व्याज घ्यायला बँकेत जाते, तिथल्या कारकुनाचा सल्ला घेते. बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली १६९४ साली. त्याआधी लंडनचे सोनार लोकांचे पैसे ठेवून घेत, त्यामुळे हे अगदीच अशक्य नव्हतं. पण एकट्या बाईनं आपली पुंजी कागदावर ठेवायची आणि तिच्या व्याजावर जगायचा विचार करायचा, हे वारं डिफोच्या काळातलं आहे. मी पस्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. पासबुक छातीशी धरून येणाऱ्या किती विधवा मी पाहिल्या. मॉल त्या कारकुनाला जे विचारते, तेच त्या मला विचारायच्या: माझ्यामागं कुणी नाही, हे कुठं ठेवू?

आता अप्पांचा प्रश्न

हा टप्पा सावकाश करा.

आधी कवितेतली माणसं मोजा. दोनशे विणकर, दोनशे पोरं, पिंजणाऱ्या शंभर, कातणाऱ्या दोनशे, निवडणारी दीडशे मुलं, कापडावरची लव कातरणारे पन्नास, लव उभी करणारे ऐंशी, रंगखात्यात चाळीस, कापड कुटून घट्ट करणाऱ्या चक्कीवर वीस. बेरीज १,०४०. शिवाय घरचा खाटीक, बेकर, पाच स्वयंपाकी, आठवड्याला दहा पुष्ट बैल. एवढ्या माणसांत हजेरी घेणारा कुणी नाही. दंड नाही, खाडा नाही, बिघडलेल्या कापडाचे पैसे कापणं नाही. सगळे गातात.

मग उजवं पान. न्यूबरीचा जॅक खरा होता: जॉन विंचकोम, १५२० च्या सुमारास वारलेला मोठा कापड व्यापारी. पण दोनशे मागांचा आकडा फुगवलेला आहे. त्या काळी लोकरीचं बहुतेक काम घराघरांत चाले. व्यापारी लोकर वाटायचा, बायका घरी कातायच्या, विणकर आपल्या घरच्या मागावर विणायचा, व्यापारी कापड गोळा करायचा. पॉवरलूमच्या आधीची भिवंडी-मालेगाव ज्यांना माहीत आहे त्यांना हे सांगायला नको.

आणि १५५५ चा विणकरांचा कायदा बघा. शहराबाहेरच्या कापड व्यापाऱ्यानं घरात एकापेक्षा जास्त माग ठेवायचा नाही, असं तो सांगतो. कारणही देतो: श्रीमंत व्यापारी घरात माग मांडून, रोजंदारीवर माणसं आणि अडाणी हात लावून विणकरांना पिळतात, अशी विणकरांची तक्रार होती. कायद्याच्या कागदावर एका छपराखाली मांडलेले माग म्हणजे जुलूम. चाळीस वर्षांनंतरच्या कथेत तीच खोली म्हणजे स्वर्ग. आणि ही कथा लिहिणारा स्वतः विणकर!

हे जुळत नाही, म्हणून इथं थांबायचं. डेलोनीबद्दल एक नोंद आहे: १५९६ साली धान्यटंचाईवर त्यानं एक पोवाड्यासारखं गाणं रचलं आणि लंडनचा महापौर त्याच्या शोधात होता. उघड तक्रार केली तर माणसं मागं लागतात हे त्याला कळलेलं होतं. वर्षभरातच त्यानं अशा मालकाची गोष्ट लिहिली, जो हजार माणसांना जेवू घालतो, राजाला घरी बोलावतो आणि सरदारकी नाकारून कापडवालाच राहतो. मी ती मालकाची स्तुती म्हणून वाचत नाही. मला ती मागणी वाटते. असा मालक असायला हवा होता, असं भुकेच्या वर्षात एक विणकर सांगतो आहे. अप्पा संपाच्या वर्षी शेजारच्या पोरांना जुन्या मालकाच्या गोष्टी सांगायचे, गणपतीला तो कसा चाळीत यायचा वगैरे. तो मालक तसा होता की नाही, मला आता शंका आहे. पण अप्पा त्या गोष्टी का सांगायचे हे मला डेलोनी वाचून समजलं.

कथेत मुकादम नसेल तर मुकादम का काढून टाकला, हे विचारा. गाणी असतील तर कुणाचं रडणं झाकलं जातंय ते विचारा.

रिकामा रकाना

वही आठवडाभर लिहिली की कुठला रकाना रिकामा राहतो ते दिसतं. कवितेत मुलांची पेनी आहे. शंभर बायका आणि दोनशे मुलींच्या नावावर मजुरीचा आकडा नाही. त्यांचा परकर कुठल्या रंगाचा आणि डोक्याचा रुमाल किती पांढरा, एवढंच आहे. माझी आई लालबागला खानावळ चालवायची, अठरा गिरणी कामगार जेवायला असत. तिच्या वहीत प्रत्येकाचा खाडा होता, तांदूळ, रॉकेल, कोळसा होता. तिची स्वतःची मजुरी एकाही पानावर नव्हती. डेलोनीच्या कवितेपाशी आले की मला ती वही आठवते.

हा रकाना भरायला डिफोकडं जावं लागतं, सव्वाशे वर्षं पुढं. कोल्चेस्टर गावात वाढणारी अनाथ लहान मॉल म्हणते, मला मोलकरीण व्हायचं नाही, मला ‘जंटलवुमन’ व्हायचंय. सांभाळणारी बाई विचारते, किती कमावतेस? पोर सांगते: सूत कातलं तर ३ पेन्स, साधी शिलाई केली तर ४. गावच्या महापौराची बायको येते, सगळ्या बायका हसतात. कारण त्यांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ घराणं, जमीन, नोकरचाकर. पोरीच्या भाषेत अर्थ एवढाच, की कुणाच्या दारात राबायला न जाता आपल्या हातानं पोट भरता येणं. ती उदाहरण म्हणून बोट दाखवते ते लेस दुरुस्त करणाऱ्या आणि बायकांच्या टोप्या धुऊन देणाऱ्या एका स्त्रीकडं.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर एक शब्द आणि त्याचे मालक, अशी यादी ठेवा. ‘जंटलमन’ हा शब्द प्रत्येक वेळी कोण उच्चारतंय, कुणासाठी, आणि ऐकणारा हसतो का. आपल्याकडं ‘साहेब’ कुणाला म्हणतात यावर मुंबईत रोज जे चालतं, तेच. मॉल पुढं एका कापड दुकानदाराशी लग्न करते. तो कमरेला तलवार लटकवून सरदारासारखा मिरवतो आणि दिवाळं काढून फ्रान्सला पळतो. डिफोला हे जवळून माहीत होतं. बाप चरबीच्या मेणबत्त्या करणारा, आडनाव नुसतं फो. मुलानं त्याला ‘डि’ जोडला. १६९२ साली डिफोचं स्वतःचं दिवाळं निघालं, कर्ज १७,००० पौंड.

पैसे कुठून आले

तिसऱ्या रकान्याकडं बहुतेक वाचकांचं लक्ष जात नाही. जॅक मालकाच्या विधवेशी लग्न करून वर येतो. माग आणि धंदा तिच्या हाती होता. क्रूसोच्या बाबतीत तर हा रकाना फार काळजीनं भरा. शाळेत त्याची गोष्ट एकट्या माणसाची जिद्द म्हणून शिकवतात. वही वेगळं सांगते. गुलामीतून त्याच्यासोबत निसटलेल्या झुरी नावाच्या मुलाला तो ६० स्पॅनिश नाण्यांना विकतो. ब्राझीलमध्ये मळा करतो. जहाज फुटतं ते गिनीहून गुलाम आणायला निघालेलं असताना. फुटक्या जहाजावर सुमारे ३६ पौंड सापडतात तेव्हा तो त्या पैशाला बोल लावतो, तू माझ्या काय कामाचा, म्हणतो, आणि मग विचार बदलून ते घेऊनच किनाऱ्यावर येतो. बेटावर आपल्या सुखदुःखाची यादीही जमा-खर्चासारखी दोन बाजूंनी लिहितो. ती यादी जरूर वाचा, पण आधी झुरीची किंमत वहीत लिहून मग वाचा.

गायरान आणि रस्त्यावरची माणसं

‘युटोपिया’तला फक्त पहिला भाग या कामाला लागतो. त्यात राफाएल नावाचा प्रवासी सांगतो की इंग्लंडात मेंढ्या आता माणसं खाऊ लागल्या आहेत. लोकरीला भाव आला, जमीनदारांनी शेतं आणि गायरानं कुंपणं घालून चराईला लावली, कुळं बाहेर पडली, चोऱ्या करू लागली, आणि चोरीला फाशी. हे १५१६ चं, म्हणजे खरा जॅक न्यूबरीत लोकरीवर श्रीमंत होत होता तेच दशक. एकाच लोकरीची ही दोन टोकं आहेत. दोन्ही पुस्तकं एकाच आठवड्यात वाचा.

पण सगळं खापर कुंपणांवर फोडू नका. रस्त्यावरची माणसं वाढायला वाढती लोकसंख्या आणि महागाई तितकीच कारण होती. भटक्यांवरची चोपडी वाचायची असतील, उदाहरणार्थ १५६६-६७ च्या सुमारास केंट परगण्यातल्या थॉमस हारमननं लिहिलेलं, तर त्यातला चोरांच्या भाषेचा शब्दकोश चाळा आणि शेजारी १५७२ चा कायदा ठेवा, ज्यात भटक्याला फटके मारून कान डागायची शिक्षा होती. मग १५९८ आणि १६०१ चे गरिबांसाठीचे कायदे, ज्यांनी गावावर कर बसवून गरिबांना पोसायची सोय केली. पुस्तकातला भटका लबाड आहे. कायद्याला मात्र हळूहळू कबूल करावं लागलं की काम मागूनही न मिळणारी माणसं असतात. अप्पा बदली कामगार म्हणून लागले तेव्हा रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. काम न मिळालेल्या दिवशी त्यांना बघणाऱ्यानं रिकामटेकडाच म्हटलं असणार.

सराव म्हणून एक रस्ता

वही अर्धी झाली की लंडनचा जुना नकाशा काढा आणि लेडनहॉल स्ट्रीट शोधा. लेडनहॉल बांधला सायमन आयरनं, जो १४४५ साली लंडनचा महापौर झाला. तो कापड व्यापारी होता. डेलोनीनं आपल्या दुसऱ्या एका कथेत त्याला चांभार केलं आणि लेडनहॉलमध्ये दर सोमवारी चामड्याचा बाजार भरवायला लावला. जुळत नाही, म्हणून थांबा: एका कारागिरानं दुसऱ्या कारागिराला महापौराची गादी का दिली, यावर एक पान लिहा.

याच रस्त्यावर मॉल पहिली चोरी करते. औषधवाल्याच्या दुकानात स्टुलावर ठेवलेलं पांढऱ्या कापडातलं गाठोडं. आत बाळंतपणाचे कपडे, चांदीची भांडी, सहा चमचे, रेशमी रुमाल आणि १८ शिलिंग ६ पेन्स रोख. दिवस करा: २२२ पेन्स, म्हणजे बिगाऱ्याचे साडेअठरा दिवस. मग ती ज्या ३ पेन्सपासून निघाली होती त्यानं भागा: कातणाऱ्या पोरीचे ७४ दिवस, एका हातानं उचललेले.

आणि याच रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. १६६१ च्या लग्नाच्या तहात पोर्तुगालनं मुंबई दुसऱ्या चार्ल्सला दिली, आणि १६६८ साली त्यानं ती कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिली. हेही वहीत लिहा, त्याच पद्धतीनं. १० पौंड म्हणजे २,४०० पेन्स. दिवसाला १२ पेन्सनं दक्षिण इंग्लंडमधल्या एका बिगाऱ्याचे दोनशे दिवस.